‘जे लागेल ते करून टाका’

फोन आला तेव्हा मी मीटिंगला निघालो होतो. “झाकणं उघडलीत, बरंच काही निघतंय,” आमच्या विमानाचा मेकॅनिक म्हणाला. “जे लागेल ते करून टाका,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. या एका वाक्यावर सहा आठवड्यांनी १३,८६० डॉलरचं बिल आलं. ठरलं होतं २,२०० ला.

विमान म्हणजे सेस्ना १७२, चार आसनांचं, १९७६ सालचं. आम्ही चौघांनी भागीदारीत घेतलेलं. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, बदामाच्या बागांना लागून एक लहानसा विमानतळ आहे, तिथे ते उभं असतं. चौघांत मी एकटा मराठी. बाकीचे एक शाळामास्तर, एक निवृत्त अग्निशामक आणि एक माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. हे मुद्दाम सांगतो, कारण विमानाच्या बिलाबद्दल कुणी ब्र काढला की ‘विमान घ्यायला पैसे होते, मग दुरुस्तीला का रडता’ असं ऐकून घ्यावं लागतं. आमचा एकेकाचा हिस्सा एखाद्या बऱ्या मोटारीच्या किमतीएवढा होता.

बिल एका पानाचं. वार्षिक तपासणी, २,२००. सुटे भाग, ६,६००. मजुरी ४६ तास, ताशी ११० प्रमाणे, ५,०६०. सुट्या भागांत एक नवा सिलिंडर, नव्यासारखे करून आणलेले दोन मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज पुरवणारी यंत्रं) आणि ‘इतर’. ४६ तासांपैकी कशाला किती लागले, याचा कुठेही उल्लेख नाही. आम्ही तपशील मागितला. तो येईपर्यंत विमान त्याच्याच हँगरमध्ये, आणि चौथ्या दिवसापासून जागेचं भाडं दिवसाला ४० डॉलर. पाच आठवडे ताणाताणी झाली आणि १२,९०० वर तडजोड निघाली. पैसे देताना आम्हाला वाटत होतं आपण लुटले गेलो, आणि घेताना त्याच्या चेहऱ्यावरही नेमकं तेच दिसत होतं.

वाद मुख्यतः सिलिंडरचा होता. कम्प्रेशन मोजताना ८० पाउंड दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडतात आणि किती टिकते ते बघतात. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ६१ टिकली. आकडा चांगला नव्हता, पण एवढ्यावरून सिलिंडर उतरवायलाच हवा असंही नव्हतं. इंजिन गरम आहे की गार, पिस्टनच्या रिंगा त्या क्षणी कशा बसल्यात, यावर तो आकडा हलतो. म्हणून दुसरा एखादा मेकॅनिक म्हणाला असता, तासभर उडवून आणा, परत मोजू, आत बोरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालून व्हॉल्व्ह बघू. आमच्या मेकॅनिकनं सिलिंडर उतरवला. जुना सिलिंडर बघायला मागितला तर तो नव्याच्या बदल्यात परत पाठवून झाला होता. या धंद्यात ती रीतच आहे, जुना भाग दिला तर नव्यावर पैसे सुटतात. पण त्यामुळे तो निर्णय बरोबर होता की नाही हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

तो मेकॅनिक लबाड होता असं मला वाटत नाही. त्याला जे योग्य वाटलं ते त्यानं केलं, आणि करायला मीच सांगितलं होतं. दोन्ही बाजूंची माणसं सरळ असूनही असं भांडण होतं, आणि म्हणूनच ते माणसांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, असं मी गेलं वर्षभर म्हणतो आहे.

अमेरिकेत खासगी विमानाची दर बारा महिन्यांनी संपूर्ण तपासणी व्हावी लागते. तिला सगळे ‘अ‍ॅन्युअल’ म्हणतात. ती झाल्याची सही लॉगबुकात पडल्याशिवाय विमान उडवता येत नाही, आणि ही सही करायला मेकॅनिकचा साधा ‘ए अँड पी’ (विमानाचा सांगाडा आणि इंजिन) परवाना पुरत नाही, त्यावर ‘आयए’ हा तपासणीचा वेगळा अधिकार लागतो. आता नियम नीट वाचला तर एक गोष्ट लख्ख दिसते. तपासणी आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं आहेत. तपासणाऱ्याला विमान उडण्यायोग्य वाटलं नाही, तर त्यानं दोषांची यादी करून, सही आणि तारखेसह मालकाच्या हातात द्यावी, असं हवाई वाहतूक प्रशासनाच्या म्हणजे एफएएच्या नियमावलीतलं कलम ४३.११ सांगतं. तिथे तपासणी संपते. यादीतले दोष मालक दुसऱ्या कुठल्याही ए अँड पी मेकॅनिककडून दुरुस्त करून घेऊ शकतो, त्यासाठी पुन्हा अ‍ॅन्युअल करावी लागत नाही. तेवढ्या एका फेरीपुरतं विमान सुरक्षित असेल तर खास परवाना काढून ते दुसऱ्या विमानतळावर उडवत नेताही येतं.

म्हणजे मालकाला श्वास घ्यायला जागा नियमानंच ठेवली आहे. प्रत्यक्षात ती जागा कुणी वापरत नाही. इंजिनावरचं काउलिंग उतरलेलं, खुर्च्या बाहेर, पंखाखालची झाकणं ओळीनं जमिनीवर मांडलेली. अशा अवस्थेत फोन येतो. ‘थांबा, यादी द्या, मी दुसऱ्याला विचारतो’ असं म्हणणं म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्यासारखं वाटतं. मालक भिडेखातर हो म्हणतो. त्या एका ‘हो’मध्ये किती कामं मावतात, ते दोघांनाही ठाऊक नसतं. आणि ठरलेले २,२०० हे निव्वळ बघण्याचे होते, त्यात सापडेल ते नीट करण्याचे नव्हते, हे आमच्यासारख्या नवख्यांना बिल आल्यावर उमगतं.

कॅलिफोर्नियातच मोटारीचं काय होतं ते बघा. १९७१ च्या मोटार दुरुस्ती कायद्यानुसार गॅरेजवाल्यानं आधी लेखी अंदाज द्यायचा. गिऱ्हाइकानं हो म्हटल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. काम करताना आणखी काही निघालं तर परत विचारायचं, आणि न विचारता अंदाजाच्या वर एक डॉलरही लावता येत नाही. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकानं आधी मागून ठेवला असेल तर तो दाखवायचा किंवा परत द्यायचा. माझ्या टोयोटाचे ब्रेक पॅड बदलायचे तर मला दोनदा सही करावी लागते. ज्या यंत्रात बसून मी माझ्या मुलीला घेऊन तीन हजार फुटांवर जातो, त्याचं इंजिन उघडायला माझं फोनवरचं अर्धं वाक्य पुरतं.

आता या राज्यानं विमानाच्या दुरुस्तीबद्दल काहीच कायदा केला नाही असंही नाही. पैसे मिळेपर्यंत विमान ताब्यात ठेवण्याचा हक्क, ज्याला लिअन म्हणतात, तो कॅलिफोर्नियानं मेकॅनिकला स्वतंत्र कलमं लिहून दिला आहे. टेक्सासच्या मालमत्ता कायद्यातही विमानांसाठी वेगळा भाग आहे. म्हणजे बिल थकलं तर काय करायचं याचा विचार झाला. बिल कसं ठरायचं, याचा झाला नाही. ही उणीव भरून काढण्याचं काम एफएएचं नाही, तिला विमान सुरक्षित आहे की नाही एवढ्याशी मतलब असतो, मजुरीच्या दरात ती पडत नाही. काम राज्यांचं आहे. मोटारीला लावलेला नियम विमानाला लावायला विधिमंडळाला फार डोकं खाजवावं लागणार नाही.

माझी मागणी एवढीच आहे. तपासणी झाली की काम थांबावं. दोषांची यादी तयार व्हावी, प्रत्येक दोषापुढे अंदाजे तास आणि भागांची किंमत असावी, आणि कुठला दोष विमान जमिनीवर बसवणारा आहे, कुठला पुढच्या वर्षावर टाकता येईल, हे मेकॅनिकनं स्वतः लिहावं. मालकानं एकेका ओळीवर सही करावी. जुने भाग हिशोब मिटेपर्यंत हँगरमध्येच राहावेत. आणि ज्या कामाला लेखी संमती नाही, त्या कामाच्या पैशांसाठी विमान अडवून ठेवता येऊ नये.

शेवटच्या वाक्यावर मेकॅनिक मंडळी चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. विमान ही वस्तूच अशी आहे की रात्री हँगरमधून निघाली तर सकाळी तिसऱ्या राज्यात असते. मालक बिल बुडवून गेला तर मेकॅनिकनं कुणाच्या दारात उभं राहायचं? म्हणून लिअन काढून टाका असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याची सही आहे त्या कामासाठी तो हक्क पक्का असावा, नोंद ओक्लाहोमा सिटीतल्या विमान नोंदणी कार्यालयात व्हावी, आणि बुडव्या मालकाला ते विमान विकताना घाम फुटावा. कामच न ठरवता उभ्या केलेल्या आकड्यासाठी मात्र हे हत्यार वापरता येऊ नये.

लॉगबुकाचं तर त्याहून स्पष्ट आहे. काम ज्यानं केलं त्यानं नोंद करायची, असं कलम ४३.९ म्हणतं. ‘पैसे मिळाल्यावर’ हे शब्द त्यात नाहीत. आणि ती कागदपत्रं सांभाळून ठेवण्याची जबाबदारी नियमानं मालकाची आहे. तरीही वाद पेटला की लॉगबुकं कपाटात जातात. पन्नास वर्षांच्या नोंदी हरवलेल्या विमानाची किंमत किती पडते, हे विकायला काढलेल्या कुणालाही विचारा.

मेकॅनिकची बाजू मला कळली ती एका स्क्रूमुळे.

यंदाची अ‍ॅन्युअल आम्ही दुसऱ्या एकाकडे दिली. सत्तरीकडे झुकलेला माणूस, एकटा काम करतो, मालकाला हाताखाली घेतो. झाकणं उघडण्याचं काम माझ्याकडे होतं. उजव्या पंखाखालच्या एका झाकणाचे अकरा स्क्रू सुटले, बारावा जागचा हलेना. त्याची खाच आधीच्या कुणीतरी घासून गुळगुळीत केली होती. म्हातारा आला, वाकून बघितलं, गंजावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि दुसऱ्या कामाला गेला. वीस मिनिटांनी परत आला. हातोडीनं बिटवर बारीक बारीक ठोके. काही नाही. मग ड्रिल, अगदी सावकाश, कारण पलीकडची नट-प्लेट, म्हणजे स्क्रू ज्यात बसतो तो पक्का जडवलेला नट, फुटली असती तर काम दुप्पट झालं असतं. तो पाठीवर झोपून ड्रिल धरून होता आणि धातूचा चुरा त्याच्या चष्म्यावर पडत होता. स्क्रूचं डोकं उडालं, उरलेला दांडा पक्कडीत धरून त्यानं कणाकणानं फिरवत बाहेर काढला. माझ्या घड्याळात पावणेदोन तास झाले होते. हिशोबात त्यानं अर्धा तास लावला.

का, म्हणून विचारलं. म्हणाला, एका स्क्रूचे दोनशे डॉलर लावले तर लोक भांडायला येतात.

त्या रात्री मला आमचे ते ४६ तास आठवत राहिले. त्यात असे किती स्क्रू होते कुणास ठाऊक. सेस्ना १७२ चं उत्पादन १९५६ साली सुरू झालं आणि आजवर ४४,००० हून जास्त बनली. १९८६ ते १९९६ या काळात कंपनीनं ती बनवणं थांबवलं होतं. आज उडणाऱ्यांतली पुष्कळशी त्याआधीची, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांची. अशा यंत्रात काय निघेल हे उघडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. खुर्चीची साधी पट्टी घ्या. सेस्नाच्या खुर्च्या ज्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकतात, त्यांची भोकं झिजली तर ऐन उड्डाणाच्या वेळी वैमानिकाची खुर्ची मागे सरकते. असे प्रकार घडले म्हणून २०११ साली त्याबद्दल नवा सक्तीचा आदेश निघाला. ती भोकं एकेक करून मोजावी लागतात. झिज मर्यादेपलीकडे निघाली तर पट्टी बदला. मोजण्याआधी कोण अंदाज देणार?

शिवाय सही त्याची असते. १९९४ च्या कायद्यानं लहान विमानं बनवणाऱ्या कंपन्यांना १८ वर्षांनंतर नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिलं. मेकॅनिकला ते नाही. अठरा वर्षांवरच्या विमानाला अपघात झाला की वकील उरलेल्या नावांकडे वळतो, आणि लॉगबुकातलं शेवटचं नाव मेकॅनिकचं असतं. ‘हा सिलिंडर राहू द्या, बघू पुढच्या वर्षी’ असं म्हणणाऱ्याला त्या वाक्याचं ओझं बाळगावं लागतं. तो सिलिंडर उतरवायला लावतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे माझं बिल नसतं, कोर्ट असतं. मी त्याच्या जागी असतो तर कदाचित मीही उतरवलाच असता.

म्हणून मालकांनाही सांगणं आहे. शोधण्याचे पैसे द्या. गंजलेल्या स्क्रूचे पावणेदोन तास हे पावणेदोन तासच आहेत. अंदाज हा अंदाज असतो. निम्म्यात आकडा बदलतोय असा फोन आला तर ‘तुम्ही तर एवढं म्हणाला होतात’ म्हणून अंगावर जाऊ नका. फोनवर बोलणं झालं तरी लगेच मेसेजमध्ये आकडा लिहून पाठवा. ‘जे लागेल ते करून टाका’ ही उदारता वाटते, पण निर्णयाचा सगळा भार आपण त्याच्या अंगावर टाकून मोकळे होतो. विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची, असं कलम ९१.४०३ सांगतं. ती फोनवर दुसऱ्याला देता येत नाही. मी ती दिली होती.

मेकॅनिकांचा नेहमीचा आक्षेप असा की लेखी अंदाजाची सक्ती केली तर कागदपत्रांतच दिवस जाईल, एकट्या माणसाचा धंदा बसेल. मोटारींच्या बाबतीतही हेच म्हटलं जायचं. गल्लीबोळातली गॅरेजं आजही चालू आहेत. आणि विमानाच्या मेकॅनिकला कागद नवे नाहीत. प्रत्येक बोल्टाची नोंद तो तशीही करतो. त्या नोंदीशेजारी एक आकडा लिहायचा आहे.

पण मी हे सगळं पैशांसाठी लिहीत नाही. चौघांनी वाटून घेतलं, भागलं. मला भीती वाटते ती पुढच्या पायरीची. बिलानं पोळलेला मालक पुढच्या वर्षी काय करतो? उड्डाणात कानावर आलेला बारीकसा वेगळा आवाज सांगत नाही. तेलाचा डाग पुसून विमान तपासणीला नेतो. किंवा असा माणूस शोधतो की जो झाकणं फारशी उघडत नाही, एका दुपारी लॉगबुकात सही करून देतो. प्रत्येक विमानतळावर असा कुणीतरी कुठे सापडतो हे लोकांना ठाऊक असतं. त्याच्याकडे जाणारे सगळे बेफिकीर नसतात. बरेचसे एकदा हात भाजलेले असतात. मेकॅनिकचंही तसंच. ज्या मालकाशी एकदा भांडण झालं, त्याच्या विमानात संशयास्पद काही दिसलं तर ते तोंडावर सांगायला त्याची जीभ अडखळते, कारण ‘पुन्हा पैसे काढतोय’ हे ऐकायची तयारी नसते. इंजिनाच्या आत काय चाललंय हे फक्त दोन माणसांना थोडंथोडं माहीत असतं, उडवणाऱ्याला आणि उघडणाऱ्याला. ती दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली की विमान असुरक्षित होतं. एफएएला बिलात लक्ष घालायचं नसेल तर नको, पण बिलाचा आणि सुरक्षेचा संबंध नाही असं कुणी म्हणू नये.

भारतात खासगी छोटी विमानं थोडी. पण बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी शिकाऊ वैमानिकांची विमानं रोज उडतात आणि रोज कुणाच्या तरी हातानं दुरुस्त होतात. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १७० कारागिराला हाच हक्क देतं: कसब वापरून काम केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घ्यावी. त्या कलमाखाली एक साधं उदाहरण आहे. शिंप्याकडे कोट शिवायला कापड दिलं, तयार होताच देईन आणि पैशांना तीन महिने थांबेन असं तो म्हणाला, तर मग त्याला कोट अडवता येत नाही. आधी काय ठरलं त्यावर हक्क ठरतो, ही समज आपल्या कायद्यात दीडशे वर्षांपासून आहे.

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटरचे मेस्त्री बसायचे. बाबांची स्कूटर परत देताना ते वर्तमानपत्राच्या कागदावर काढलेले भाग मांडायचे: काळा पडलेला प्लग, झिजलेल्या क्लच प्लेटा, तुटकी केबल. एकेकावर बोट ठेवून ‘हे एवढ्याचं, हे एवढ्याचं’ सांगायचे. केबल अजून महिना चालली असती, पण बदलली, तुम्ही रोज मिरजेला जाता म्हणून, असंही सांगायचे. बाबा कधी कधी एखाद्या भागावर हुज्जत घालायचे. पण त्या कागदावर नसलेल्या कुठल्याच गोष्टीचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत, आणि बाबांनी दुसरा मेस्त्री कधी शोधला नाही.

यंदाच्या अ‍ॅन्युअलची यादी आमच्या म्हाताऱ्यानं पिवळ्या कागदावर पेन्सिलनं लिहून दिली. नऊ ओळी होत्या. सहा आत्ता कराव्या लागतील, तीन पुढच्या वर्षापर्यंत थांबतील, असं समासात लिहिलेलं. आम्ही चौघांनी सह्या केल्या. चौथ्या ओळीत ‘उजव्या पंखाखालचं झाकण, स्क्रू, ०.५ तास’ होतं. शाळामास्तरानं ते खोडून १.७ केलं आणि कागद परत त्याच्याकडे सरकवला. त्यानं बराच वेळ तो आकडा बघितला, मग खाली आपली सही केली.